गव्हाळवाडी पाटीवरचा ब्रंच

धम्मदीप गजभारे सरांनी आयुष्यात एकच शब्द नको तितक्या आत्मविश्वासाने वापरला, आणि तो शब्द त्यांना अहमदपूरच्या अलीकडे, भर हमरस्त्यावर, हलगीच्या तालात सामोरा आला.

सर नांदेडला एका तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवत. पोरांच्या कागदावरची रेघ अर्धा मिलिमीटर जरी कलली, तरी सरांच्या कपाळावरची शीर उडायची. त्यांच्याकडे चौऱ्याहत्तर सालची, सायीच्या रंगाची फियाट होती आणि तिच्याच बळावर ते 'नांदेड क्लासिक मोटार क्लब'चे सचिव होते. क्लबात गाड्या सहा. लातुरातही असाच एक क्लब होता, त्यात गाड्या पाच. पण लातूरकर म्हणत, "आमच्या पाचही चालू आहेत." यावर नांदेडकर हवामानाचा विषय काढत.

तर दोन्ही क्लबांनी एकदा बायकापोरांसह एकत्र जमावं, बोनेटं उघडून एकमेकांच्या इंजिनांचं कौतुक करावं आणि काहीतरी खावं, असं ठरलं. त्या खाण्याला 'ब्रंच' म्हणायचं, ही सरांची सूचना. पुण्याच्या मेहुण्याने त्यांना एकदा तो खाऊ घातला होता आणि तेव्हापासून तो शब्द त्यांच्या मनात घर करून होता.

"ब्रंच म्हंजे?" शेजारच्या व्यंकटरावांनी कंपाउंडच्या भिंतीवरून विचारलं. व्यंकटराव निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि गल्लीतल्या प्रत्येक कार्याचा सल्ला विभाग त्यांच्याकडे होता.

"नाश्ता आणि जेवण यांच्या मधलं."

"म्हंजे नाश्त्याला उशीर झाला म्हणायचं, का जेवणाची घाई?"

"दोन्ही नाही. दोन्ही मिळून एकच."

"आसं. एक टायमाचं खाणं वाचवूलालाव," व्यंकटराव समाधानाने म्हणाले. "सरळ सांगायचं की मग. इंग्रजी कामून?"

सर दुखावले. त्यांनी आत येऊन शिल्पाताईंकडे, म्हणजे पत्नीकडे, दाद मागितली. शिल्पाताई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाहुणे लातूरचे आहेत. साडेअकराला बोलावून एकदाच खाऊ घातलं, तर जन्मभर सांगत फिरतील."

पण खाण्याआधी जागेचा प्रश्न होता. लातूरच्या क्लबाचे अध्यक्ष बसलिंगप्पा हालगे हे डाळ मिलचे मालक. त्यांची गाडी पांढरीशुभ्र, लांबलचक, परदेशी. तिला ते रोज सकाळी मलमलीने पुसत आणि आत बसणाऱ्याला चपला काढायला लावत. सख्ख्या व्याह्यांनाही लावल्या होत्या. बसलिंगप्पा फोनवर अतिशय गोड बोलत. "सर, आम्हाला नांदेडला यायला काहीच नाही हो. पण गाडीचं वय झालं. तुम्हीच या ना लातूरला." सरही तितकंच गोड बोलून आपल्या फियाटचं वय सांगत. दोन्ही गाड्या आठवडाभर अशा फोनवरच म्हाताऱ्या होत गेल्या. शेवटी मध्यावर भेटायचं ठरलं.

मध्य म्हटल्यावर सरांचा हात आपोआप कंपासपेटीकडे गेला. त्यांनी मोठ्या शीटवर रस्ता काढला. पण नांदेड मोजायचं कुठून? वजिराबादेतून की कौठ्यातून? लातूर गंजगोलाईपासून की बायपासपासून? यावर दोन संध्याकाळी गेल्या. अखेर जो बिंदू आला, तो एका तुरीच्या शेतात आला. सर प्रत्यक्ष जाऊन बघून आले, तर त्या बिंदूवर एक बैल बांधलेला होता आणि तो सरांकडे फारशा आपुलकीने बघत नव्हता. तेव्हा बिंदू तीनशे मीटर लातूरच्या बाजूला सरकवून गव्हाळवाडी पाटीवर, म्हणजे गावच्या फाट्यावर, नेला. तिथे रस्त्यालगत शाळा, पुढे मोठं मैदान, सहा कडुनिंब. या तीनशे मीटरांची भरपाई म्हणून पाण्याच्या बाटल्या लातूरने आणाव्यात, असा ठराव नांदेडच्या बैठकीत एकमताने झाला.

आता परवानगी. मुख्याध्यापक म्हणाले, मैदान ग्रामपंचायतीचं. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक नव्हते, कारण त्यांच्याकडे तीन गावं होती आणि सर ज्या गावात जात, ते सोडून उरलेल्या दोन गावांत ते असत. तिसऱ्या खेपेला कार्यालयात फक्त सत्यम भेटला. हा तिथला संगणकचालक. तिशीचा, चष्मेवाला, कामाला तत्पर. त्याने अर्ज पुढे केला. संस्थेच्या नावाच्या चिमुकल्या रकान्यात 'नांदेड क्लासिक' एवढंच मावलं. 'कार्यक्रमाचा प्रकार' या रकान्यात लग्न, साखरपुडा, बारसं, सभा आणि इतर एवढे पर्याय होते. सरांनी 'इतर'वर खूण केली आणि शेजारी वळणदार अक्षरात लिहिलं: ब्रंच.

सत्यम त्या शब्दाकडे बराच वेळ बघत राहिला. मग चष्मा काढून हळूच म्हणाला, "सर, नक्की ठरलंय न्हवं?"

"अगदी नक्की. पहिला शनिवार, साडेअकरा."

"मंग गावाला सांगायला हरकत न्हाई?"

"अवश्य सांगा. गावकऱ्यांनीही यावं, बघावं," सर गाड्यांच्या अभिमानाने म्हणाले.

सत्यम उठला. त्याने सरांना पाणी दिलं, चहा मागवला, फियाटपर्यंत सोडायला आला आणि दार स्वतः लावून दिलं. घरी येऊन सर शिल्पाताईंना म्हणाले, "खेड्यात अजून शिक्षकाला मान आहे, बरं का."

खाण्याचं काम नांदेडच्या बालाजी केटररकडे दिलं. पास्ता, सँडविच, कापलेली फळं आणि लातूरकरांचा विश्वास बसावा म्हणून थोडा मसालेभात. बालाजीने सगळं लिहून घेतलं, मान डोलावली आणि "ब्रंच काय, आपल्याला नवं नाही," म्हणाला. तिथेच सरांनी सावध व्हायला हवं होतं.

जानेवारीतल्या त्या शनिवारी सकाळी थंडी छान होती. नांदेडच्या सहाही गाड्या निघाल्या आणि आश्चर्य म्हणजे सहाही पोचल्या. पाटीजवळच लातूरच्या पाच गाड्या थांबलेल्या दिसल्या. बसलिंगप्पा पांढऱ्या गाडीला टेकून उभे होते.

"सर, पुढं काहीतरी गडबड आहे. हलगी वाजायलीय."

खरंच वाजत होती. पाटीपासून शाळेपर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. अकरा चकचकीत जुन्या गाड्या रांगेने वळल्या, तशी हलगी चढली. बायकांनी गाड्यांना ओवाळलं. फियाटच्या बोनेटवर कुंकवाची पाच बोटं उमटली आणि सरांच्या काळजातून एक कळ गेली. पण रंग नंतर पुसता येईल, असं स्वतःला समजावत ते उतरले, तर सरपंच शेषेराव फेटा घेऊन पुढे आले. सरांच्या डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ.

"एवढं कशाला? साधा कार्यक्रम आहे," सर संकोचून म्हणाले.

"आसं कसं साहेब! पंधरा वर्सं झाली मागणी करून राहिलो आमी."

ब्रंचसाठी पंधरा वर्षं मागणी करणारं गाव, हे सरांना थोडं विचित्र वाटलं. पण शेषेरावांनी त्यांचा हात धरून शाळेशेजारच्या खोलीसमोर नेलं. खोलीला ताजा चुना दिला होता. आत टेबल, खुर्ची, भिंतीला नवं घड्याळ. दाराला लाल फीत. आणि व्हरांड्यात चाळीसेक बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आधारकार्ड, पासबुक, दोन फोटो.

वर कापडी फलक होता. त्यावर लिहिलं होतं: 'नांदेड क्लासिकच्या गव्हाळवाडी ब्रँचचा शुभारंभ'.

सरांनी तो फलक दोनदा वाचला. मग सत्यमकडे बघितलं.

"सर, तुमच्याकून अर्जात 'ब्रंच' झालं होतं," सत्यम हळू आवाजात, चारचौघांत सरांची शोभा होऊ नये अशा बेताने म्हणाला. "मी दुरुस्त केलं. कुणाला बोललो न्हाई."

तीस वर्षं मुलांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. शेषेरावांनी कात्री पुढे केली. मागून बसलिंगप्पा कानात कुजबुजले, "सर, कापून टाका. दोन शब्द बोला, अन् निघू. फोनवर बघू पुढचं."

सरांनी कात्री हातात घेतली. ती कात्री, ती फीत आणि त्या चाळीस पिशव्या. एका म्हातारीने पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. सरांना आयुष्यात वाकडी रेघ कधी काढता आली नव्हती. आता काढावी म्हटलं तरी हात वळेना. त्यांनी कात्री टेबलावर ठेवली, फेटा काढून हातात घेतला आणि सगळं सांगितलं. आम्ही बँकेचे नाही. ही आमची हौस आहे, जुन्या गाड्यांची. ब्रँच नाही, ब्रंच. म्हणजे खाणं. चूक माझी, साधा मराठी शब्द लिहिला असता, तर तुम्ही असे बसला नसता.

हलगी थांबली. शेषेराव कधी फलकाकडे, कधी गाड्यांकडे बघत राहिले. सत्यमने चष्मा काढून खिशात घातला. जणू दिसेनासं झालं की भागेल.

मग व्हरांड्याच्या पायरीवरून आवाज आला. शेषेरावांच्या आई, कस्तुराबाई. सत्तरी ओलांडलेली, काटक, कपाळावर आडवं कुंकू.

"म्हंजे तुमी खायला आलाव?"

"हो, आजी."

"मंग खायला कुठंय?"

सरांनी घाईने बालाजीला फोन लावला. बालाजी शांत होता. "सर, नाश्ता अन् जेवण मिळून एकदाच म्हणल्यावर लोक पोटभर खाणार ना? मग जेवणाच्याच टायमाला आणतो. दीडपर्यंत पोचतो. आत्ता कुठं कुकर लावलाय."

"दीड वाजता येणार आहे," सर जमिनीकडे बघत म्हणाले.

कस्तुराबाईंनी एकदा सरांकडे, एकदा अकरा गाड्यांकडे पाहिलं. "बँक बी न्हाई, जेवान बी न्हाई. निस्त्या गाड्या!" आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांचं बघून शेजारची हसली, मग व्हरांडा हसला, मग सगळं गाव. शेवटी शेषेरावांनाही राहवलं नाही. सर मात्र हातात फेटा धरून तसेच उभे होते. शिल्पाताईंनी पुढे होऊन तो त्यांच्या हातातून घेतला आणि त्याही हसू लागल्या, तेव्हा सरांना जगात आपलं असं कुणी उरलं नसल्याची खात्री पटली.

"बसा आता," कस्तुराबाई म्हणाल्या. "सायबासाटी केलंय, ते सायबच न्हाईत. तुमी खा."

निंबांच्या सावलीत सतरंज्या पडल्या. भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला आली, गरम, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. धपाटे आले, दही, कारळाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. बसलिंगप्पांनी पाच धपाटे खाल्ले आणि सहाव्याला नको म्हणताना हात मात्र पुढेच ठेवला. सर खाली मान घालून खात होते. एवढं चवदार खाणं इतक्या लाजेने त्यांनी कधी खाल्लं नव्हतं.

कस्तुराबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या आणि सरांनी न विचारता सांगू लागल्या. गावातल्या बायकांची खाती अहमदपूरला. कागद पुन्हा तपासायचे म्हणून कितीतरी खाती थांबलेली. इथल्या सेवा केंद्रात अंगठा टेकवला, तर मशीन ओळखत नाही. "जलमभर खुरपलं, कापूस वेचला. रेघा राहत्यात का अंगठ्याला?" तिथं स्वतः जायचं, तर पाटीवर थांबणारी एसटी एक सकाळी, एक संध्याकाळी. गेलं, की रांगेत नंबर लागेपर्यंत खिडकी बंद. त्यात कुणाचे गुडघे, कुणाची कंबर.

सरांचा घास हातातच राहिला.

"आज बँक चालू हाय का?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"पहिला शनिवार आहे. चालू असणार."

"गाड्या किती?"

"अकरा."

"एकीत किती बसत्यात?"

सर ड्रॉइंगचे असले, तरी एवढा गुणाकार त्यांना लगेच जमला. ते उठले. "चार-चार. आपल्या सगळ्या बसतील, आजी."

पुढची वीस मिनिटं कस्तुराबाईंनी जे केलं, ते बघून सरांना आपण तीस वर्षं वर्ग सांभाळतो म्हणजे नेमकं काय करतो, असा प्रश्न पडला. त्यांनी गुडघेवाल्या आधी बसवल्या, उलट्या होणाऱ्या खिडकीशी, भांडणाऱ्या दोन जावा दोन टोकांच्या गाड्यांत. प्रत्येकीची पिशवी स्वतः उघडून कागद बघितले. एकीला फोटो आणायला घरी पिटाळलं. गाड्यांतून आलेली बायकापोरं शाळेतच थांबली. सत्यमला सोबत घेतलं. "तू फारम भर. नीट वाचून भर. दुरुस्त करू नकू काही."

पांढऱ्या गाडीपाशी एक बारकीशी म्हातारी आली. आतली पांढरी गादी बघून तिने कुणी काही म्हणायच्या आत चपला काढल्या, पदराला पुसल्या आणि मांडीवर घेऊन अंग चोरून बसली. बसलिंगप्पा दारात उभे राहून बघत होते. मग त्यांनी वाकून तिच्या हातातल्या चपला घेतल्या आणि तिच्या पायांपाशी ठेवल्या.

"घाला मावशी. पाय गार पडतील."

लातूरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. व्याह्यांची आठवण सगळ्यांनाच झाली असावी.

इतक्यात जे व्हायचं ते झालं. लातूरच्या पाचही गाड्या पहिल्या झटक्यात सुरू झाल्या. नांदेडच्या दोन झाल्याच नाहीत. त्यांतली एक सचिवांचीच, फियाट. सरांनी चावी फिरवली, पुन्हा फिरवली, बोनेट उघडलं, बंद केलं. शेजारी बसलेल्या कस्तुराबाई उतरल्या.

"उतरा गं समद्या. लावा हात."

मग ज्यांना सन्मानाने बसवून न्यायचं, त्याच बायकांनी फियाट ढकलली. पदर खोचून, हैय्या करत, शाळेच्या मैदानाला एक पूर्ण फेरा. हलगीवाल्याला राहवलं नाही. त्याने ताल धरला. बसलिंगप्पांनी हा सगळा प्रकार मोबाइलवर घेतला. फियाट एकदा खोकली, धूर सोडला आणि धडधडत जिवंत झाली. दुसरीही तशीच झाली. सरांच्या मानापैकी जो काही शिल्लक होता, तो त्या धुरात गेला. पण खरं सांगायचं, तर त्यांना हलकं वाटत होतं.

अहमदपूरला बँकेसमोर ही मिरवणूक थांबली, तेव्हा दारावरचा रखवालदार पळत आला. "वऱ्हाड पुढं घ्या, मंगल कार्यालय पुढं हाय!" समोरच्या गाडीतून नवरीऐवजी कस्तुराबाई उतरलेल्या पाहून तो बाजूला झाला.

शाखाधिकारी पुनम मॅडम तिशीच्याही नसतील. चाळीस बायका एकदम आत आलेल्या बघून त्यांनी क्षणभर डोळे मिटले. सर पुढे झाले आणि सगळं सांगायला लागले, अगदी ब्रंचपासून. मॅडमनी हात वर केला. "सर, ते राहू द्या. आज्यांना बसवा आधी." त्यांनी आतल्या खुर्च्या बाहेर आणायला लावल्या, तीन टेबलं जोडली, कोमट पाण्याचं भांडं आणि नॅपकिन मागवला. एकेकीचा अंगठा स्वतः धुऊन, पुसून, मशीनवर हलकेच दाबून धरला. अंगठा नाही उमटला, तर दुसरं बोट. तेही नाही, तर डोळ्यांचं मशीन. सत्यम फॉर्म भरत होता, प्रत्येक नाव दोनदा वाचून दाखवत. सर रांग सरळ ठेवत होते. ते त्यांना येत होतं. चार वाजता बाहेरचं शटर अर्धं खाली आलं, पण मॅडमनी आतल्या एकीलाही उठवलं नाही. शेवटची पिशवी बंद झाली, तेव्हा घड्याळात पावणेपाच होते.

मधेच शिल्पाताईंचा फोन आला. बालाजीचा टेम्पो पोचला होता आणि सगळं गाव पास्ता खात होतं. "शेवया लई जाड हायत म्हणतात," त्या म्हणाल्या, "पण संपत आलाय."

परत निघताना कस्तुराबाई फियाटमध्ये पुढे बसल्या. बाजारपेठ ओलांडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सर, ह्या गल्लीतून घेता का जरा?"

गल्ली अरुंद होती. तिच्या तोंडाशी एक हातगाडी, पुढे नळाचं खोदकाम. एरवी सरांनी फियाट अशा गल्लीच्या आसपासही नेली नसती. त्यांनी चाक वळवलं. मागच्या दहा गाड्यांनी, सचिवांना रस्ता माहीत असणार या विश्वासाने, त्यांच्या मागोमाग गल्लीत प्रवेश केला.

"इथं माझी रेणुका दिलीय," कस्तुराबाई म्हणाल्या. "बावीस वर्सं झाली. दर टायमाला ष्टँडवर उतरते, अन् उनातानात चालत येते. सासूबाई दारातच बसलेली असते. बघत ऱ्हाते."

सासूबाई आजही दारात बसलेल्या होत्या. गल्लीतली दारं एकामागून एक उघडत गेली. हॉर्नचा आवाज ऐकून आतून एक बाई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि कुंकवाची पाच बोटं उठलेली सायीच्या रंगाची गाडी, तिच्यामागे पांढरी, तिच्यामागे हिरवी, अशी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेली रांग बघून जागच्या जागी उभी राहिली.

कस्तुराबाई उतरल्या नाहीत. काचेचं हॅन्डल घट्ट होतं. दोन्ही हातांनी फिरवत त्यांनी काच पूर्ण खाली घेतली. पदर सारखा केला. आधी विहीणबाईंकडे मान लववली, मग लेकीकडे वळल्या.

"रेणुके," त्या म्हणाल्या, "आज चालत न्हाई आले बग."

सरांनी इंजिन बंद केलं. मागे दहा हॉर्न वाजत होते. त्यांनी ते वाजू दिले.